‘हरित वसई’ची कैफियत : एक परीक्षण

या त्रैमासिकाच्या वाचकांस कैफियत म्हणजे काय तें सांगावयास नको. गांवचा कज्जा उभा राहिला म्हणजे वादी आपली हकीकत लिहून देतो, प्रतिवादी आपली देतो. आणि दोन्ही कागद समोर ठेवून संशोधकास ठरवावें लागतें कीं यांत खरें किती, सोयीचें किती, आणि दोघांनींही गाळलेलें काय. वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यांतील लोकांनीं आपल्या जमिनी, विहिरी व वाड्या राखण्यासाठीं सुमारें तीन तपें जी चळवळ चालविली, तिचें म्हणणें ही अशीच एक कैफियत आहे. तिची स्तुति झाली, तशी टवाळीही झाली. त्या दोहोंस बाजूस ठेवून, जुन्या कागदास आपण जी कसोटी लावितों तीच तिला लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. निष्कर्ष आधींच सांगून टाकितों : कैफियत न्याय्य आहे, परंतु तिचा सर्वांत बळकट पुरावा तिनें पुरेसा पुढें मांडलेला नाहीं, आणि तो मांडण्याचें काम बव्हंशीं आपल्यासारख्या दप्तरें चाळणारांचें आहे.

प्रथम हकीकत. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी व पूर्वेस तुंगारचा डोंगर, अशा चतुःसीमेंतला हा मुलूख. रेल्वेच्या पश्चिमेस अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत वाड्यांचा पट्टा : केळी, पानवेली, भाजीपाला, मोगरा, सोनचाफा. मुंबईंत घर घेणें ज्यांस परवडेना त्यांच्यासाठीं १९८० नंतरच्या दशकांत रेल्वेलगत इमारती उठूं लागल्या, आणि १९८८ च्या सुमारास शासनानें हरित पट्ट्यांतील मोठें क्षेत्र बांधकामास मोकळें करण्याचें धोरण स्वीकारलें. इमारती झाल्या, पण त्यांस पाणी नव्हतें. तें गांवांतील विहिरींतून उपसून टँकरांनीं विकलें जाऊं लागलें. जमीन व पाणी या दोन कारणांवरून ‘हरित वसई संरक्षण समिति’ उभी राहिली. नंदाखाल येथें जन्मलेले, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे अग्रणी. ख्रिस्ती व हिंदु या दोन्ही समाजांचे बागाइतदार हजारोंच्या संख्येनें मोर्चांत उतरले. फादर दिब्रिटो पुढें २०२० सालीं उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २५ जुलै २०२४ रोजीं निवर्तले.

पुढील टप्पे थोडक्यांत असे. १९९० सालीं या उपप्रदेशाचें नियोजन सिडकोकडे सोंपविण्यांत आलें. तिनें तयार केलेला विकास आराखडा फेब्रुवारी २००७ मध्यें मंजूर झाला. ३ जुलै २००९ रोजीं चार नगरपालिका व भोंवतालचीं गांवें मिळून महानगरपालिका झाली; गांवांनीं त्यास विरोध केला, आणि २०११ सालीं २९ गांवें वगळण्याचा निर्णय शासनानें घेतल्यावर तो वाद न्यायालयांत गेला. २०१६ सालीं मुंबई महानगर प्रदेशाच्या नव्या प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतांच वसईंतून पुन्हा हजारों लेखी हरकती गेल्या. १९८८ चा मोर्चेकरी व २०१६ चा हरकतदार यांच्यामध्यें एक पिढी गेली. मागणी मात्र तीच राहिली. हंगामी रागास इतकें आयुष्य नसतें. म्हणून ही कैफियत गंभीरपणें वाचली पाहिजे.

तिचा पाण्याविषयींचा भाग सर्वांत पक्का आहे. टँकरवाले विहिरी उपसतात त्यामुळें वाड्या खाऱ्या होतील, हें गांवकऱ्यांचें म्हणणें पुष्कळांनीं अडाण्याची भीति म्हणून उडवून लाविलें. वस्तुतः तें भूजलशास्त्राशीं तंतोतंत जुळतें. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असतें. किनाऱ्यालगतच्या जमिनींत तें खाऱ्या पाण्यावर भिंगासारखें तरंगतें. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून एक हात वर असली, तर तिच्याखालीं सुमारें चाळीस हात गोडें पाणी उभें राहतें, असा नियम गायबेन व हर्झबर्ग या युरोपीय अभियंत्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं स्वतंत्रपणें मांडला. याचा अर्थ असा कीं, वरची पातळी एक हात उतरली तर खालून खारें पाणी चाळीस हात चढूं पाहतें. ज्या माळ्यानें हे दोन ग्रंथकार कधीं ऐकले नाहींत, त्यास हा हिशेब पानवेलीच्या करपलेल्या शेंड्यावरून कळत होता. येथें वादीची साक्ष ग्राह्य धरण्यास प्रत्यवाय नाहीं.

आतां दोषाकडे वळूं. चळवळीच्या पत्रकांत व भाषणांत, आणि त्याहून अधिक तिच्याविषयीं इतरांनीं लिहिलेल्या लेखांत, वसईचें वर्णन बहुधा एकाच सुरांत होतें : ही निसर्गाची देणगी, हें मुंबईचें फुप्फुस, हें कोकणाचें लेणें. वर्णन गोड आहे, पण पुराव्यानें टिकणारें नाहीं. समुद्रकांठच्या रेताड जमिनीवर पानवेल आपण होऊन उगवत नाहीं. जुने कागद उघडावे, म्हणजे तेथें निसर्गापेक्षां माणसाचा हात अधिक दिसतो.

राजवाड्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ सर्वांच्या संग्रहीं आहे. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्याचा, शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ चा. बखरीचा सारा जीव गांवें, कुळें व वतनें यांत गुंतलेला आहे. ओसाड निसर्गाची ती बखर नव्हे, वसलेल्या मुलखाची आहे. वसई १५३४ सालीं पोर्तुगेजांकडे गेली, आणि त्यानंतर वीस वर्षांनीं, १५५४ मध्यें, सिमांव बोतेल्यो यानें आपल्या ‘तोंबो’ नामक जमाबंदीच्या दप्तरांत या प्रांताचें उत्पन्न भाताच्या मुड्यांत व नाण्यांत टिपून ठेविलें. तें लिस्बन येथें १८६८ सालीं छापलें गेलें. रियासतकार सरदेसायांनीं निवडलेल्या पेशवे दप्तराच्या १६ व्या खंडांत चिमाजी अप्पांच्या मोहिमेचे कागद आहेत. आणि १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत वसईच्या बागाईताचें, रहाटांचें, आगाशीच्या सुकेळ्यांचें वर्णन आहे. पोर्तुगेज गेले, मराठे आले, इंग्रज आले. प्रत्येकानें वाडीचें फळ मोजून घेतलें. फळ मोजलें गेलें याचा अर्थ फळामागें कष्ट होते, आणि कष्टामागें पाण्याची कांहीं व्यवस्था होती.

ती व्यवस्था म्हणजे बावखळ. वसईबाहेरच्या वाचकासाठीं सांगतों : वाडींत किंवा वाडीच्या कडेला खणलेलें हें पसरट तळें. पावसाचें पाणी त्यांत सांठतें, जमिनींत मुरतें, आणि शेजारच्या विहिरींस पाझरतें. पूर्वीं कांठावर रहाट बसवून त्यांतून वाडीचें शिंपण होई. त्यांतच मासे वाढत, गुरें पाणी पीत, आणि मुसळधार पावसांत सखल जागेचें पाणी तेथें जमा होऊन घरांपासून दूर राही. वर सांगितलेला चाळीस हातांचा हिशेब ध्यानांत घेतला, म्हणजे बावखळाचें महत्त्व उमगतें : गोड्या पाण्याचें भिंग दर पावसाळ्यांत पुन्हा भरून काढण्याचें तें साधन आहे. वसईचा हिरवेपणा आकाशांतून पडलेला नाहीं. तो पिढ्यान्‌पिढ्या कुदळीनें खणून काढलेला आहे.

या प्रांतांतील पाण्याच्या जागांत एक विलक्षण विषमता आहे. निर्मळच्या विमल तीर्थास माहात्म्य आहे, परशुरामाची कथा आहे, यात्रा आहे. सोपाऱ्याच्या भटेला तळ्यापाशीं १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा मिळाला, त्यामुळें त्या तळ्याचें नांव विद्वानांच्या ग्रंथांत गेलें. १९५६ सालीं भुईगांवच्या किनाऱ्याकडे नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला, त्यामुळें भुईगांवही प्रसिद्धीस आलें. बावखळास ना माहात्म्य, ना शिलालेख, ना यात्रा. देवाचें तळें पुराणानें राखलें, राजाचें तळें इतिहासानें राखलें; माळ्याच्या तळ्याचा रखवालदार एक माळीच होता. त्यानें वाडी विकली, किंवा पंप बसवून रहाट सोडला, कीं तें तळें कचऱ्यानें भरूं लागतें व पुढें भरावाखालीं जातें. सातबाऱ्यावर अशा जागेची नोंद ‘पोटखराबा’ या सदरांत होऊं शकते. ज्या खळग्यावर सबंध वाडी जगते, त्यास कागदानें ‘खराबा’ म्हणावें, यांत कारकुनाचा दोष थोडा व परिभाषेचा फार आहे.

प्रतिवादीच्या दप्तरांतही हाच परिभाषेचा दोष भरलेला आहे. नियोजनाच्या भाषेंत बांधकामास मनाई असलेल्या जमिनीस ‘ना-विकास विभाग’ म्हणतात. ज्या जमिनीवर चारपांचशें वर्षें माणसाचे हात फिरले, जेथें वीतभर जागा पडीक ठेविली नाहीं, ती जमीन नकाशावर विकासाच्या अभावानें ओळखली जाते! शब्द एकदां असा बसला, म्हणजे पुढील युक्तिवाद आपोआप घडतो : येथें अद्याप कांहीं झालेलें नाहीं, तेव्हां कांहींतरी झालें पाहिजे. आणि खेदाची गोष्ट ही कीं, ‘निसर्गाची देणगी’ म्हणणारा वादी नकळत या युक्तिवादास दुजोराच देतो. दोघेही माणसाचें काम गाळतात. एकास त्या जागीं देवाचा हात दिसतो, दुसऱ्यास रिकामी जागा दिसते.

येथें एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो मीच घेतों. बावखळें मनुष्यकृत आहेत असें सिद्ध केलें, तर चळवळीचें हित होईल कीं अहित? केंद्रशासनाचे पाणथळ जागांविषयींचे २०१७ चे नियम पाहावे. व्याख्येच्या आरंभीं ते नैसर्गिक व कृत्रिम अशा दोन्ही प्रकारच्या जागा पाणथळ धरतात. परंतु त्याच व्याख्येच्या शेवटीं पिण्याच्या पाण्यासाठीं खास बांधलेलीं तळीं, तसेंच सिंचन, मत्स्यपालन व मीठ यांसाठीं खास बांधलेलीं कामें वगळून टाकतात. एका हातानें दिलें व दुसऱ्यानें काढून घेतलें. या वाचनाप्रमाणें बावखळ गेलें, आणि वसईचीं मिठागरेंही गेलीं. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं जगपालसिंग खटल्यांत गांवच्या सामाईक तळ्यांस संरक्षण दिलें खरें. पण पुष्कळ बावखळें खासगी वाड्यांत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानें खारफुटी राखली, पण वाडीच्या मध्यभागीं खारफुटी नसते. तात्पर्य, बावखळ निसर्गांतही बसत नाहीं आणि सामाईकांतही बसत नाहीं. तेव्हां चतुर वकील म्हणेल, ‘निसर्गाची देणगी’ हेंच म्हणणें चालूं द्या, इतिहास कशास उकरतां?

या आक्षेपास माझें उत्तर दुहेरी आहे. पहिलें असें कीं, सोयीसाठीं इतिहास दडविणारा पक्ष पहिल्याच उलटतपासणींत उघडा पडतो. कुदळीच्या खुणा तळ्याच्या कांठावर सर्वांस दिसतात. दुसरें, आणि महत्त्वाचें, असें कीं, नियमांतील ‘खास’ या शब्दावर सर्व भार आहे. बावखळ केवळ सिंचनासाठीं खास बांधलें होतें काय? कीं विहिरी भरणें, मासे, गुरें, आणि पावसाचें पाणी झेलणें, इतकीं कामें तें एकाच वेळीं करीत होतें? या प्रश्नाचा निवाडा तर्कानें होणारा नव्हे. तो पुराव्यानें होणारा आहे, आणि पुरावा वाटणीपत्रांत, खरेदीखतांत, गहाणखतांत, जुन्या मोजणीच्या नकाशांत आहे. दोन भावांच्या वाटणींत बावखळाचें पाणी कोणी कोणत्या दिवशीं घ्यावें, मासे कोणाचे, कांठावरचीं झाडें कोणाचीं, अशा अटी लिहिलेल्या एखाद्या कागदाचें मोल दहा भाषणांहून अधिक ठरेल. खरा इतिहास चळवळीस मारक नाहीं. अर्धवट वाचलेला इतिहास मारक आहे.

कैफियतीचा दुसरा दोष तिच्या चतुःसीमेचा आहे. ती रेल्वेच्या पश्चिमेकडची कैफियत आहे, आणि मुख्यतः जमीनधारकाची आहे. पूर्वेस तुंगारच्या पायथ्याशीं वारली, काथोडी इत्यादि आदिवासी राहतात. त्यांच्यांतील वेठबिगारांच्या मुक्ततेसाठीं याच तालुक्यांत १९८२ सालीं श्रमजीवी संघटना उभी राहिली. जमिनीचा प्रश्न तेथेंही होता, पण त्यांत ‘हरित’ हा शब्द नव्हता. शिवाय, २०११ च्या जनगणनेंत बारा लाखांहून अधिक भरलेल्या या शहराची तहान आतां सूर्या प्रकल्पाच्या पाण्यानें भागविली जाते, आणि तें धरण ज्या डहाणू-पालघरच्या शेतीसाठीं बांधलें गेलें तेथील आदिवासी शेतकऱ्यांनीं या पाणीवाटपास विरोध केला आहे. वसईच्या विहिरीवरचा टँकर हटला, तरी उपसा थांबला नाहीं; तो दूरच्या माणसाच्या शेतावर गेला. याचा दोष वसईकरांवर ठेवणें अन्यायाचें होईल; पण ज्यांनीं स्वतः ही पीडा सोसली त्यांच्या कैफियतींत या दूरच्या शेजाऱ्यासाठीं एक कलम असावयास हवें होतें.

हीच गोष्ट मिठागरांची. मीठ पिकविणारा मजूर बागाइतदाराच्या कथेंत फारसा येत नाहीं. परंतु जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत रेल्वे बंद पडली आणि वसईच्या मिठागरवस्तींत शेंकडों माणसें पाण्यांत अडकलीं, तेव्हां सर्वांस दिसून आलें कीं वाडी, बावखळ, मिठागर व खाडी हीं एकाच पाण्याचीं चार घरें आहेत. वरच्या घरांत भराव पडला, तर खालच्या घरांत पूर येतो. १९४८ च्या खारजमीन कायद्यापूर्वींपासून ठाणें-कुलाब्याच्या किनाऱ्यावर समुद्र थोपविणारे बांध गांवकरीच सामाईक श्रमानें राखीत आले. त्या बांधांचा व बावखळांचा इतिहास एकत्र लिहिला गेला, तर कैफियतीची चतुःसीमा आपोआप रुंदावेल.

एक गोष्ट मात्र आनंदानें नमूद करावीशी वाटते. अलीकडच्या वर्षांत वसईच्या गांवांतील तरुणांनीं बावखळें साफ करण्याचें काम स्वतः अंगावर घेतलें आहे. गाळ व प्लास्टिक उपसतां उपसतां त्यांस आपल्या आजोबांची कुदळ सांपडत आहे. या पिढीनें ‘देणगी’ हा शब्द टाकून ‘काम’ हा शब्द धरला आहे, आणि हाच माझ्या मतें कैफियतीचा खरा मसुदा होय.

अखेरीस संग्राहकांस विनंति. आपण ताम्रपट जपतों, मोडी रुमाल जपतों, तें योग्यच. परंतु १९८८-८९ सालचें सायक्लोस्टाईल पत्रक आज ताम्रपटाहून लवकर नाहींसें होत आहे. त्याची शाई उडते, कागद पिंवळा पडून तुटतो, आणि ज्याच्या पेटींत तें आहे तो माणूस वृद्ध होऊन जातो. ग्रामसभांचे ठराव, हरकतींच्या स्थळप्रती, मोर्च्याच्या जाहिराती, ‘सुवार्ते’चे जुने अंक, वाड्यांचीं वाटणीपत्रें, विहिरींच्या व रहाटांच्या बाबींचे करार, हें सर्व जमविलें पाहिजे. सामवेदी व वाडवळी बोलींत रहाटाच्या प्रत्येक भागास, पाटाच्या प्रत्येक वळणास जे शब्द आहेत ते, बोलणारीं माणसें आहेत तोंवर टिपून ठेविले पाहिजेत. गांवोगांव फिरून प्रत्येक बावखळाचें नांव, मालक, लांबी-रुंदी व हल्लीची स्थिति यांची यादी करणें हें दोन उन्हाळ्यांचें काम आहे. त्यास पांडित्य लागत नाहीं, पायपीट लागते.

बोतेल्योनें मुडे मोजले, मामलेदारानें रुपये मोजले, नियोजकानें हेक्टर मोजले. तळीं मोजावयाचीं राहिलीं आहेत. ज्या तळ्यास कागदावर नांव आहे, तें बुजविण्यास निदान एक सही लागते. ज्यास नांव नाहीं, तें एका रात्रींत बुजतें आणि सकाळीं तेथें तळें होतें असें सांगणाराच खोटा ठरतो. नंदाखाल, गास, भुईगांव, वाघोली येथील वृद्ध माळी आज अशा कितीतरी तळ्यांचे एकमेव साक्षीदार आहेत. त्यांची जबानी कागदावर उतरली नाहीं, तर वादीची कैफियत कितीही न्याय्य असली तरी पुराव्याअभावीं फेटाळली जाईल, आणि त्या दिवशीं दोषाचा एक वांटा आपल्या पदरीं येईल.